आतली गाठ

दिवाळी आली की घराघरांतून शिडी निघते. कोणाची स्वतःची असते, कोणाची शेजाऱ्याकडून मागून आणलेली, कोणाची एक पायरी निखळलेली. घरातले कोणी तरी तिच्यावर चढते, कोणी तरी खाली तिचे पाय धरून उभे राहते, आणि वर्षभर माळ्याच्या कोपऱ्यात सुखाने नांदणाऱ्या कोळ्यांचा संसार मोडतो. शिडी म्हणजे खालून वर लावायची वस्तू, हे मला जन्मापासून ठाऊक होते. ती वरून खाली सोडावी लागते असले घर आपल्या नशिबी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. चाळ तीन मजल्यांची. तिची बाहेरची भिंत कोणी धुतल्याचे मला आठवत नाही. ते काम पावसाकडे होते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो ते बिनपगारी करी. पुढे चाळ पडली. तिच्या जागी चोवीस मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि बांधणाऱ्याला काय हौस वाटली कोण जाणे, रस्त्याकडची तिची सारी बाजू वरपासून खालपर्यंत काचेची झाली. काचा अशा, की आतून उघडत नाहीत. भिंत मळली तर ती जुनी दिसते, आणि जुन्या वस्तूला एक प्रकारची प्रतिष्ठा असते. काच मळली तर ती नुसती मळकी दिसते. म्हणून दर वर्षी दिवाळीपूर्वी आमच्या इमारतीचे तोंड धुण्याचा रिवाज पडला.

हे तोंड धुणे वरून होते. गच्चीच्या कठड्यावरून एक लोखंडी हात बाहेर काढतात. त्याच्यापासून काही अंतरावर तसाच दुसरा. दोन्ही हातांना तारेचे दोर लावतात आणि त्या दोरांवर एक लांबट पिंजरा टांगतात. काम करणारी माणसे त्याला झुला म्हणतात. झुल्यात दोन माणसे, साबणाच्या पाण्याच्या बादल्या, फडकी, रबरी पट्ट्या. झुल्याच्या दोन टोकांना दोन मोटरी असतात. त्या दोराला धरून, एखादा किडा वेलीवरून सरकावा तशा, वरखाली सरकतात. आपण घरात चहा पीत बसलेले असावे, आणि अचानक खिडकीत आकाशातून दोन पाय उतरावेत, मग कंबर, मग चेहरा! पहिल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एक आजी दचकून देवासमोर जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी काचेआडून त्या माणसाला हात जोडले. तिसऱ्या वर्षी मात्र, वरचा कोपरा राहिला आहे, असे त्याला बोटाने दाखवले. माणसाला कशाचीही सवय होते.

मी या सोसायटीची सेक्रेटरी झाले ती केवळ माझे अक्षर चांगले म्हणून. शाळामास्तरीण आणि त्यात कादंबऱ्या लिहिणारी. म्हणजे कागद आणि शाई हिच्या घरात असणारच, असा सभासदांनी हिशेब केला. नोटिसा लिहाव्यात, पावत्या फाडाव्यात, पाण्याच्या टाकीवरून होणारी भांडणे ऐकून घ्यावीत, एवढेच काम असेल असे मलाही वाटले होते. त्या वर्षी नवरात्र संपले, आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडला. त्याच सुमारास काचा धुणाऱ्या ठेकेदाराकडून एक छापील कागद आला. “गच्चीवरील सर्व आधार तपासलेले असून वापरास सुरक्षित आहेत.” खाली सेक्रेटरीची सही. माझ्या आधीच्या तिघांनी अशाच कागदांवर सह्या केल्या होत्या. मीही केली. दोन उत्तरपत्रिकांच्या मध्ये केली. एका मुलाच्या निबंधाला वीसपैकी अकरा द्यावेत की बारा, याचा मी पाच मिनिटे विचार केला होता. त्या कागदाला पाच सेकंदही लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले. बाहेर साठीच्या घरातले एक गृहस्थ उभे. काळेसावळे, वाळके, डोक्याला रुमाल बांधलेला. काचा धुणाऱ्या पोरांवर देखरेख करायला ते या वर्षी नव्याने आले होते. पोरे त्यांना ‘तांडेल’ म्हणत, कारण तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. गाव मालवणाकडचे. बोटीवर आणि मुंबईत आयुष्य गेल्यामुळे त्यांची मालवणी पुष्कळ झिजली होती. रागावले म्हणजे तेवढी ती वर येई.

त्यांच्या हातात माझा कागद होता.

“बाई, ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“वर जाऊन बघितलंत तुम्ही?”

असल्या प्रश्नाला शाळेत मुले जे उत्तर देतात, तेच मी दिले. म्हणजे गप्प राहिले.

“मग चला एकदा,” ते म्हणाले.

गच्ची मला परकी नव्हती. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या बायका तिथे पापड-कुरडया वाळत घालतो. कठड्याच्या आत, हातभर अंतर सोडून, जाडजूड लोखंडाचे सहा खुंट ओळीने उभे आहेत. मुले त्यांचे स्टंप करतात. आम्ही त्यांना दोऱ्या बांधून गोधड्यांना ऊन दाखवतो. बांधणाऱ्याने काही तरी अर्धवट टाकलेले काम असावे, अशी माझी समजूत होती. तांडेलांनी आधी एका खुंटावरची आमची गोधडी उतरवली, नीट घडी करून कठड्यावर ठेवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हेच्यार माणूस लटाकतलो, गोदडी नाय!”

मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि तेही चांगल्या शिक्षकासारखे, वस्तूला हात लावून. हे खुंट म्हणजे त्या लोखंडी हातांची बैठक. हात कायमचा बसवलेला नसतो. तो आणून या खुंटात रोवतात, काम झाले की उपसून पुढच्या खुंटात. या हाताला डेव्हिट म्हणतात. “हा मूळचा बोटीवरचा,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात गाववाल्याची ओळख सांगावी तसा अभिमान आला. जहाजाच्या काठावर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्या पाण्यात सोडायच्या म्हणजे आधी जहाजाच्या बाहेर काढायला हव्यात. ते काम डेव्हिट करतो. समुद्रावरचा तो हात जमिनीवर आला आणि उंच इमारतींच्या माथ्यावर चढला, एवढेच. डेव्हिट हे नाव म्हणे डेव्हिड या माणसाच्या नावावरूनच पडले. आपण नाही का लाकडाच्या तिवईला घोडी म्हणत? हत्याराला जिवंत नाव दिले की त्याच्यावर भरवसा ठेवणे सोपे जाते.

“पण काका,” मी म्हटले, “हात तर चांगला भक्कम दिसतोय.”

“हात नका बघू बाई. हात सगळे बघतात. बूड बघा.”

मी बूड पाहिले. बूड दिसतच नव्हते. मागे केव्हा तरी गच्ची गळत होती म्हणून सोसायटीने तिच्यावर कोबा घालून घेतला होता, आणि त्या कोब्याखाली सहाही खुंटांचे पाय बोल्टांसकट गाडले गेले होते. वर नुसता गुळगुळीत कोबा, आणि त्यातून उगवल्यासारखा लोखंडाचा खुंट.

तिथे उभी असताना मला वडिलांच्या आकाशकंदिलाची आठवण झाली.

चाळीत आमच्याकडे दर दिवाळीला गॅलरीतून आकाशकंदील बाहेर सोडीत. त्यासाठी एक बांबू माळ्यावर ठेवलेला होता. त्याचे बूड गॅलरीत कठड्याच्या पायाशी, मधला भाग कठड्याच्या वरच्या दांडीवर टेकलेला, आणि टोक तिरपे रस्त्यावर. कंदील त्या टोकाला. वडील दोन गाठी मारीत. एक वर, कठड्याच्या दांडीशी. ती सगळ्यांना दिसे. दुसरी खाली, बुडाशी, जमिनीलगत. ती मारताना त्यांना गुडघे टेकून वाकावे लागे. मी एकदा विचारले होते, “कंदील तिकडे बाहेर आहे, मग ही गाठ इकडे आत कशाला?” ते म्हणाले, “बाहेर जो भार आहे ना, तो हे बूड उचलू बघतो. बूड सुटलं की कंदील खाली.” मग कंदिलात दिवा लावण्यापूर्वी ते त्या खालच्या गाठीला एक हिसका देत. वरच्या गाठीला कधी हात लावल्याचे मला आठवत नाही. रस्त्यावरून जाणारे लोक कंदिलाची तारीफ करीत. गाठीची तारीफ कोणी केली नाही, आणि वडिलांची तशी अपेक्षाही नव्हती.

गच्चीवरच्या त्या लोखंडी हाताची गोष्ट बांबूपेक्षा निराळी नाही. आकडे तेवढे मोठे. गणिताशी माझे कधी सख्य नव्हते. पण तांडेलांनी खडूने कोब्यावर गणित मांडले, ते मला सुटले. झुला, दोन माणसे, मोटरी, दोर, पाणी, सारे मिळून आठशे किलो धरा. हात दोन, म्हणजे एका हातावर चारशे. खुंटाच्या पायाला चार बोल्ट, दोन पुढे कठड्याकडे, दोन मागे. पुढच्या बोल्टांपासून झुल्याचा दोर दीड मीटर बाहेर. मागचे बोल्ट पुढच्यांपासून तीस सेंटिमीटर आत. दीडशेला तीसने भागले की पाच. म्हणजे बाहेर चारशे किलो लटकले की मागचे दोन बोल्ट दोन हजार किलोंच्या ओढीने उपटू पाहतात. पहारीने दगड उचकटतात, तोच हा नियम. आणि झुल्यातली दोन्ही माणसे बोलत बोलत एकाच टोकाला आली, तर त्या बाजूच्या हातावर याहूनही अधिक.

“दोर तुटला तर?” मी विचारले. सामान्य माणसाला भीती दोराचीच वाटते.

“दोराला भाऊ असतो,” ते म्हणाले. झुल्याच्या प्रत्येक टोकाला तारेचे दोर दोन. एक भार वाहतो, दुसरा नुसता शेजारी लोंबत असतो. तो एका कुलपातून गेलेला असतो. झुला एकाएकी वेगाने खाली येऊ लागला किंवा एका अंगाला कलला की ते कुलूप दुसऱ्या दोराला दातांत धरते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा हा दुसरा दोर. एरवी काही करताना दिसत नाही. प्रसंग आला की सारे घर त्याच्यावर. याशिवाय प्रत्येक माणसाच्या अंगात पट्टा, आणि त्या पट्ट्यासाठी वेगळा जीवदोर. हा जीवदोर झुल्याला बांधायचा नाही, आणि झुला ज्या हाताला टांगला आहे त्या हातालाही नाही. त्याची गाठ गच्चीवर दुसरीकडे, स्वतंत्र. झुला गेला तरी माणूस राहिला पाहिजे.

ऐकताना बरे वाटत होते. केवढी ही काळजी! एकावर एक, एकावर एक. मग तांडेल म्हणाले, “पण बाई, दोराला भाऊ आहे, बुडाला भाऊ नाही. दोन्ही दोर त्याच हाताला टांगलेले. बूड निघालं तर दोघे भाऊ संगतीनं जातात. जीवदोर तेवढा राहील. पण लोखंडाचा एवढा हात डोक्यावरून खाली आला, तर नुसता जीवदोर काय करील? आणि खाली रस्त्यावरनं पोरं शाळेत जातात.”

त्या पोरांना शिकवायला मीही त्याच रस्त्याने जाते.

त्या संध्याकाळी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून मी डेव्हिटांविषयी मिळेल ते वाचले. त्यात ‘टायटॅनिक’ आली. १९१२ सालच्या एप्रिलमध्ये ती बोट बुडाली आणि सुमारे दीड हजार माणसे गेली, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते ते निराळेच. त्या बोटीवर डेव्हिटांच्या सोळा जोड्या होत्या, नव्या आणि उत्तम बनावटीच्या, एकेका जोडीला एकाहून अधिक होड्या हाताळता याव्यात अशा. होड्या मात्र एकंदर वीसच ठेवल्या होत्या, आणि त्यांत जागा १,१७८ माणसांची. बोटीवर माणसे होती २,२०० हून अधिक. आणि यात नियमभंग कोणताच नव्हता! इंग्लंडातले नियम १८९४ सालचे; दहा हजार टनांच्या वरच्या कोणत्याही बोटीला सोळा होड्या पुरेत, असे ते सांगत. ‘टायटॅनिक’ शेहेचाळीस हजार टनांची होती. म्हणजे कागदाप्रमाणे पाहिले तर तिच्यावर चार होड्या जास्तच होत्या! लोखंडाचा हात आणखी वजन उचलायला तयार होता. कमी पडला तो कागद.

आणि आणखी एक वाचले. अमेरिकेत २०१६ साली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे नवे नियम झाले. इमारतीवरून दोरीने उतरून काम करणाऱ्यांसाठी त्यांत असे आहे, की काम सुरू होण्यापूर्वी इमारतीच्या मालकाने लेखी सांगावे: दोर बांधायची प्रत्येक जागा मी तपासली आहे, आणि एका माणसामागे २,२६८ किलोंचा भार, कोणत्याही दिशेने आला तरी, ती सोसेल. वाचून मी थबकले. म्हणजे तो कागद दूरवरच्या त्या देशातही आहेच. फरक इतकाच, की कागदावरचे वाक्य खरे असावे अशी तिथे नियमाची अपेक्षा आहे. आणि माझे अक्षर चांगले आहे एवढ्यावर मी ते वाक्य खरे करून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी माझा कागद परत मागून घेतला आणि कमिटीची सभा बोलावली.

त्या सभेचे वर्णन काय करावे! दिवाळी दहा दिवसांवर. समोरच्या इमारतीच्या काचा धुऊन लखलखत होत्या. मी म्हटले, सहाही खुंटांभोवतीचा कोबा फोडून बोल्ट पाहायला हवेत. एक गृहस्थ म्हणाले, कोबा फोडला की गच्ची गळणार. दुसरे म्हणाले, इतकी वर्षे काही झाले नाही. (या वाक्याला आपल्या देशात वेदवाक्याची किंमत आहे.) तिसऱ्यांनी खर्च कोण देणार असे विचारले. चौथे फारसे बोलत नाहीत, ते सौम्यपणे म्हणाले, “बाई, हा म्हातारा फार चौकस दिसतो. दुसरा ठेकेदार बघू. काही न विचारता काम करणारे पुष्कळ आहेत.”

खरे सांगायचे तर हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर मला राग यायला हवा होता. आधी आला तो मोह. काही न विचारणारा माणूस येईल, काचा लखलखतील, सहामाहीचे निकाल वेळेवर लागतील, आणि मला कोणी कटकटी म्हणणार नाही. मोह खरोखर एवढासाच असतो. कादंबरीत आपण उगाच त्याला मोठी रूपे देतो. मग डोळ्यांसमोर तांडेलांनी घडी करून ठेवलेली ती गोधडी आली. दुसऱ्याची गोधडी जो माणूस इतकी नीट घडी घालून ठेवतो, त्याला चौकस म्हणून घालवून द्यायचे, आणि ज्याला विचारायची सोय नाही अशा कोणाला तरी त्याच खुंटाला टांगायचे. मी म्हटले, “ठीक आहे. पण मग कागदावर सही तुमच्यापैकी कोणी करा. मी करणार नाही.”

एक क्षणभर सगळे गप्प झाले. सही करायला कोणी पुढे आले नाही. कोबा फोडायचा ठराव झाला.

मी दोन दिवस शाळेतून आल्यावर गच्चीवर जाऊन बसत असे. पहिला खुंट मोकळा झाला. बोल्ट थोडे तांबरलेले, पण धड. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, पाचवाही तसेच. कमिटीतले गृहस्थ एकेक करून वर येत, पाहत, आणि माझ्याकडे न पाहता खाली जात. पाचव्या खुंटापर्यंत मी आख्ख्या इमारतीत वेडी ठरले होते. सहावा खुंट कोपऱ्यातला. माझ्या पापडांची दोरी ज्याला बांधते, तो. कोब्याचा पहिला तुकडा निघाला आणि खालून पाणी आले. दहा-बारा पावसाळ्यांचे पाणी कुठूनशा फटीतून तिथे मुरत राहिले होते. पुढचे दोन बोल्ट कसेबसे उभे होते. मागचे दोन, जे दोन हजार किलोंची ओढ सोसायचे, ते अंगठ्याएवढ्या जाडीवरून पेन्सिलीएवढे झाले होते. तांडेलांनी पान्याने एकाला हलकेच टिचकी मारली. तो मोडला.

कोणी काही बोलले नाही. तांडेल वाकले, त्यांनी तो तुकडा उचलला आणि माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. उत्तरपत्रिकांवर ठेवते.

पुढचे काम सरळ पण कटकटीचे होते. नवे बोल्ट नुसते वरून ठोकून चालत नाहीत. ते स्लॅबच्या आरपार गेले पाहिजेत आणि खालून त्यांना लोखंडी पाटी हवी. खालून म्हणजे चोविसाव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या दिवाणखान्याच्या छतातून! त्यांनी नुकतेच छताला नक्षीकाम करून घेतले होते. त्यांची समजूत घालण्यात दिवाळीचे चारही दिवस गेले. मग बोल्ट बसले. मग इंजिनियर आले; त्यांनी सहाही खुंटांना जॅक लावून, कामाला लागतो त्याहून कितीतरी अधिक जोराने ओढून पाहिले आणि प्रत्येकाचा आकडा लिहून सही केली. मग पुन्हा कोबा, पण या वेळी बोल्टांच्या भोवती मोकळी जागा सोडून, म्हणजे कोणालाही वाकून पाहता येईल.

त्या दिवाळीत आमच्या काचा मळक्याच राहिल्या. रस्त्याने जाणारे आमच्या इमारतीकडे पाहत आणि समोरच्या इमारतीकडे पाहत. लिफ्टमध्ये मी शिरले की बोलणे थांबे. फराळाची ताटे नेहमीपेक्षा दोन-तीन कमी आली. मला ते लागले, हे कबूल करते.

कादंबरी लिहिणारी बाई म्हणून मला एक गोष्ट खटकत राहिली. ही हकीकत मी कादंबरीत घातली असती, तर तो झुला मी कोसळवला असता. कोसळवल्यावाचून गोष्ट होत नाही, असा आम्हां लेखकांचा समज. मग खालची माणसे धावली असती, पोलीस आले असते, सेक्रेटरीबाईंची सही सापडली असती, आणि वाचक हळहळले असते. इथे काहीच झाले नाही. एक बोल्ट मोडला, तोही हातात. जो माणूस पडला नाही, त्याची गोष्ट कशी सांगायची? तो कोण, हेही आपल्याला कळत नाही. तो स्वतःदेखील जाणत नाही. तांडेलांसारखी माणसे आयुष्यभर अशा न घडलेल्या गोष्टींचीच राखण करतात. त्यांना त्याबद्दल मिळते काय, तर चौकस म्हातारा हे नाव.

मार्गशीर्षात, एका थंड सकाळी, झुला आला. खिडकीत आधी दोन पाय दिसले, मग कंबर, मग चेहरा. विशीतला मुलगा. त्याच्या अंगातला पट्टा मी पाहिला. पट्ट्यातून मागे वर गेलेला जीवदोर पाहिला. तो कुठे बांधला आहे हे मला ठाऊक होते. त्याने रबरी पट्टी एकदा वरून खाली ओढली, आणि उन्हाळा-पावसाळ्याची सारी धूळ पडद्यासारखी बाजूला झाली. पलीकडे गिरणीची एक जुनी चिमणी, तिच्या पलीकडे इमारती, आणि दोन इमारतींच्या फटीत बोटभर समुद्र. मी डबा उघडून त्याला शंकरपाळी दाखवली. काच उघडत नाही म्हणून वर बोट केले. तो हसला. दुपारी डबा घेऊन मी गच्चीवर गेले. तांडेल सहाव्या खुंटाशी गुडघे टेकून वाकले होते आणि बोल्टांवरून हात फिरवत होते.

“काका, आता तरी तो पक्का आहे ना?”

“पक्का आहे बाई. म्हणून तर रोज बघायला बरं वाटतं.”

आपल्या भाषेत ‘आतल्या गाठीचा माणूस’ ही काही स्तुती नव्हे. मनातले बाहेर न काढणाऱ्या, जपून राहावे अशा माणसाला आपण तसे म्हणतो. पण काही गाठी आतच असाव्या लागतात. फक्त त्या सहीने पक्क्या होत नाहीत. कोणाला तरी गुडघे टेकून वाकावे लागते.

या वर्षीही मी खिडकीच्या आत आकाशकंदील लावला आहे. बाहेर लावायला गॅलरी नाही. तो छताच्या एका आकड्याला टांगलेला आहे, आणि त्याचे वजन ते काय, कागदाचे! तरी दिवा लावण्यापूर्वी मी स्टुलावर चढले आणि आकड्याला एक हिसका दिला. धाकटी पुतणी खाली स्टूल धरून उभी होती. तिने विचारले, “आत्या, कंदील सोडून तू तिकडे काय बघतेस?”

मी तिला स्टुलावर घेतले आणि तिचा हात आकड्यापर्यंत नेला.